घनाच्या पाण्याचे राखणदार : डॉ. सलीम अली

नवी दिल्ली, १२ नोव्हेंबर : राजधानीपासून सुमारे १८० किलोमीटरवर, राजस्थानातील भरतपूर शहराला लागूनच केवलादेव घना राष्ट्रीय उद्यान आहे. २०१३ मध्ये भरतपूर जिल्ह्याचा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात समावेश झाल्याने ही जगप्रसिद्ध पाणथळ आता प्रशासकीय दृष्ट्याही दिल्लीच्या परिघात आली आहे. हिवाळा सुरू झाला की येथे उत्तरेकडील पाहुण्या पक्ष्यांची वर्दळ सुरू होते आणि पर्यटकांची रीघ लागते. मात्र ही पाणथळ आज शेतीखाली न जाता पाणथळच राहिली, यामागे ज्या मोजक्या माणसांचे श्रम आहेत, त्यांत पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांचे नाव अग्रभागी आहे. आज त्यांची जयंती. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा काळ पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. त्याचा प्रारंभ अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनी, तर समारोप सलीम अली यांच्या जन्मदिनी होतो.

सलीम अली यांचे चरित्र सहसा चिमणीच्या गोष्टीपासून सुरू होते आणि पद्मविभूषणापाशी संपते. त्यांनी वाचवलेल्या घनाची गोष्ट मात्र त्यांच्या निधनानंतरही चालूच राहिली. बंदुकीपासून, नांगरापासून आणि गुरांपासून राखलेल्या या पाणथळीवर पुढे न बरसणारे ढग, धरणात अडलेली नदी, परदेशी काटेरी झाड आणि परदेशी मासा यांचे संकट आले. त्यामुळे त्यांचे जीवन आणि घनाचे भवितव्य एकत्र वाचणे आज अधिक उद्बोधक ठरते.

खेतवाडीतील बालपण

सलीम मोईझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. नऊ भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते वर्षाचे असताना वडील आणि तीन वर्षांचे असताना आई निवर्तली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतील आपल्या घरी या पोरक्या भावंडांचा सांभाळ केला. स्वातंत्र्यलढ्यातील नेते अब्बास तय्यबजी हेही त्यांचे नातलग होते.

त्या काळातील सुखवस्तू घरांतील मुलांप्रमाणे छोट्या सलीमलाही शिकारीचे आकर्षण होते. दहा-बारा वर्षांच्या या मुलाने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही चिमणी नेहमीच्या चिमणीसारखी नाही, हे त्याच्या लक्षात आले. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला, संस्थेतील पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला आणि वाचायला पुस्तके दिली. त्या भेटीने एका मुलाच्या आयुष्याची दिशा ठरली. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राच्या शीर्षकातही त्यांनी या चिमणीचीच आठवण जपली.

शालेय शिक्षणात मात्र त्यांचे मन फारसे रमले नाही. १९१४ मध्ये ते कुटुंबाच्या खाण आणि लाकूड व्यवसायासाठी ब्रह्मदेशातील तवॉय येथे गेले. व्यवसायापेक्षा तेथील अरण्यातच त्यांचा अधिक वेळ जाऊ लागला. १९१७ मध्ये मुंबईस परतल्यावर त्यांनी एकीकडे वाणिज्याचे शिक्षण घेतले, तर दुसरीकडे सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांच्या प्रोत्साहनाने प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. डिसेंबर १९१८ मध्ये त्यांचा तेहमिना यांच्याशी विवाह झाला.

किहीमची सुगरण

औपचारिक पदवी नसल्याने सरकारी प्राणिशास्त्रीय सर्वेक्षण विभागातील पद त्यांना मिळाले नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून ते रुजू झाले. दोन वर्षांनी रजा घेऊन ते जर्मनीला गेले आणि बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात प्राध्यापक एर्विन स्ट्रेझेमान यांच्या हाताखाली त्यांनी पक्षीशास्त्राचे धडे गिरवले. मेलेल्या पक्ष्यांच्या कातड्यांची वर्गवारी करण्यापलीकडे जाऊन जिवंत पक्ष्याचे वर्तन, त्याचे खाद्य, त्याची जागा यांचा अभ्यास करणारी नवी दृष्टी त्यांना तेथे मिळाली. पक्ष्यांच्या पायात कडे अडकवून त्यांच्या स्थलांतराचा माग काढण्याचे तंत्रही त्यांनी युरोपात पाहिले.

१९३० मध्ये ते परतले, तेव्हा संग्रहालयातील त्यांचे पद रद्द झाले होते. हाती नोकरी नव्हती. मुंबईतील खर्च परवडेना म्हणून हे दांपत्य अलिबागजवळच्या किहीम येथील कुटुंबाच्या घरी राहायला गेले. नोकरी नसण्याचा हा काळ त्यांच्या संशोधनासाठी अनमोल ठरला. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. सलीम अली तासन्‌तास आडोशाला बसून तिच्या नोंदी घेत राहिले. नर एकटाच घरटे विणायला घेतो, अर्धवट विणलेले घरटे मादी येऊन पारखते, पसंत पडले तर नर ते पुरे करतो आणि लगेच दुसर्‍या मादीसाठी दुसरे घरटे विणायला घेतो, हा क्रम त्यांनी बारकाईने उलगडला. कोकणातील एका गावातून लिहिलेल्या या निबंधाने त्यांचे नाव पक्षीशास्त्राच्या जगात पोहोचवले.

त्यानंतर त्यांनी एक वेगळाच मार्ग पत्करला. संस्थानिकांनी प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च उचलावा, आपण विनावेतन त्यांच्या प्रदेशातील पक्ष्यांची पाहणी करून द्यावी, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशा संस्थानांच्या पाहण्या यातूनच झाल्या. तेहमिना बहुतेक मोहिमांत त्यांच्यासोबत असत. तंबूतील संसार सांभाळणे, लेखनाची भाषा तपासणे, प्रवासाची आखणी करणे हे सारे त्यांच्याकडे होते. १९३९ मध्ये एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. सलीम अली यांनी पुन्हा विवाह केला नाही. बहीण आणि मेहुणे यांच्या घरी राहून त्यांनी उरलेले जीवन पक्ष्यांना वाहिले. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. पक्षीनिरीक्षण हा साहेबांचा छंद न राहता सामान्य भारतीय वाचकाचाही झाला, तो या पुस्तकामुळे. पंडित जवाहरलाल नेहरू यांनी हे पुस्तक कन्या इंदिरा यांना भेट दिले होते. या भेटीचा उपयोग पुढे देशातील अनेक जंगलांना होणार होता.

बंदुकीपासून नांगरापर्यंत

घना हे नैसर्गिक सरोवर नाही. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या खोर्‍यातील हा मुळात एक खोलगट भाग. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळात अजान बांध घातला गेला आणि पुराचे पाणी येथे साठू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरतपूरच्या संस्थानिकांनी बांध, कालवे आणि झडपा यांची व्यवस्था करून त्याचे बदकांच्या शिकारीसाठीच्या राखीव क्षेत्रात रूपांतर केले. मध्यभागी असलेल्या शिवमंदिरावरून केवलादेव आणि दाट झाडीवरून घना, असे त्याचे नाव पडले.

व्हाइसरॉय आणि राजेरजवाडे यांच्यासाठी येथे शिकारीचे मोठे सोहळे होत. त्यांतील सर्वांत कुप्रसिद्ध सोहळा १२ नोव्हेंबर १९३८ रोजी झाला. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या उपस्थितीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. योगायोग असा, की त्या दिवशी सलीम अली यांना ४२ वर्षे पूर्ण झाली होती.

सलीम अली स्वतः शिकारीचे कट्टर विरोधक नव्हते. संशोधनासाठी त्यांनी पक्षी मारले होते आणि संस्थानिकांच्या शिकारीच्या हौसेमुळेच अनेक जंगले आणि तळी टिकली, हेही ते जाणून होते. घनाला खरा धोका निर्माण झाला तो स्वातंत्र्यानंतर. देशात अन्नधान्याची टंचाई होती, जमीन हवी होती. झीलमधील पाणी काढून टाकावे आणि ती जमीन शेतकर्‍यांना वाटावी, अशी मागणी जोर धरू लागली. राजाच्या करमणुकीची जागा लोकांच्या पोटासाठी द्यावी, या मागणीत वरवर पाहता न्यायही होता. सलीम अली यांनी पंतप्रधान नेहरू यांच्यापर्यंत हा प्रश्न नेला. उत्तर आशिया आणि सायबेरियातून हजारो किलोमीटर उडून येणार्‍या पक्ष्यांसाठी ही जागा काय आहे, हे त्यांनी पटवून दिले. अखेर पाणी काढण्याचा बेत मागे पडला आणि १९५६ मध्ये घना पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. महाराजांचे शिकारीचे हक्क मात्र १९७२ पर्यंत कायम होते.

या काळात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांना कडी अडकवण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला. भरतपूर हे त्याचे एक प्रमुख केंद्र होते. येथे कडी अडकवलेली बदके सोव्हिएत संघाच्या दूरवरच्या प्रदेशांत सापडल्याच्या वार्ता येऊ लागल्या आणि राजस्थानातील एका झीलचा संबंध मध्य आशिया व सायबेरियाशी कसा आहे, हे पुराव्यानिशी सिद्ध झाले. १९६८ ते १९७४ या काळात अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ एस. डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी भारत आणि पाकिस्तानातील पक्ष्यांवरील दहा खंडांचा ग्रंथ पूर्ण केला.

मानसन्मानही आले. १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण किताबाने त्यांचा गौरव झाला. जे. पॉल गेटी वन्यजीव पुरस्काराची मोठी रक्कम त्यांनी निसर्गसंवर्धनाच्या निधीसाठी दिली. केरळमधील सायलेंट व्हॅली वाचवण्याच्या चळवळीलाही त्यांनी पाठबळ दिले. १९८५ मध्ये त्यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली. खेतवाडीतील पोरका मुलगा वयाच्या नव्वदीकडे झुकताना देशाच्या संसदेत बसला.

म्हशी गेल्या, गवत माजले

घनाच्या इतिहासातील सर्वांत वेदनादायी अध्याय १९८२ चा आहे. १९८१ मध्ये घनाचा रामसर यादीत समावेश झाला. पुढच्याच वर्षी ते राष्ट्रीय उद्यान झाले. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास कायद्याने मनाई असते. शतकानुशतके आसपासच्या गावांतील म्हशी आणि गाई घनाच्या पाण्यात आणि गवतात चरत आल्या होत्या. सलीम अली आणि त्यांच्यासारखे अनेक संवर्धक गुरांच्या चराईमुळे पक्ष्यांचा अधिवास उद्ध्वस्त होतो, अशा मताचे होते आणि बंदीला त्यांचा पाठिंबा होता. पुरेशी पर्यायी व्यवस्था न करता बंदी लागू झाली. नोव्हेंबर १९८२ मध्ये ग्रामस्थ आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला. पोलिसांच्या गोळीबारात काही ग्रामस्थांना प्राण गमवावे लागले.

त्यानंतर जे घडले, त्याचा धडा आजही पर्यावरणशास्त्राच्या वर्गांत शिकवला जातो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने घनाच्या परिसंस्थेचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला होता. सलीम अली यांच्याच मार्गदर्शनाखाली सुरू झालेले हे काम डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या चमूने पूर्ण केले. गुरे आत येणे बंद झाल्यावर पास्पालम जातीचे पाणगवत बेसुमार माजले, असे या अभ्यासातून दिसले. त्याने उघडे पाणी झाकून टाकले, माशांना आणि पाणवनस्पतींना जागा उरली नाही, बदकांना उतरायला मोकळे पाणी कमी पडू लागले. चिखलातील कंद खोदून खाणार्‍या सायबेरियन क्रौंचांनाही या गवताच्या जाळीत अन्न मिळवणे कठीण झाले. ज्या म्हशींना शत्रू समजले गेले होते, त्याच गवताला आवर घालत होत्या. घनाच्या परिसंस्थेत गुरांचेही एक स्थान होते.

या निष्कर्षात एका थोर शास्त्रज्ञाच्या संस्थेचा प्रामाणिकपणा आहे. ज्या संस्थेचे ते आधारस्तंभ होते, त्याच संस्थेने केलेल्या मोजमापांनी त्यांची आणि तिची स्वतःचीही धारणा खोडून काढली, आणि ती मोजमापे लपवली गेली नाहीत. मात्र हे ज्ञान हाती येईपर्यंत माणसांचे जीव गेले होते आणि उद्यान व गावे यांच्यातील विश्वास तुटला होता. पुढे ग्रामस्थांना हाताने गवत कापून नेण्याची मुभा देण्यात आली. त्यातून तणाव काहीसा निवळला, परंतु म्हशीचे काम माणसाच्या विळ्याने पूर्णपणे होऊ शकले नाही.

१९८५ मध्ये घनाला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. दोनच वर्षांनी, २० जून १९८७ रोजी सलीम अली यांचे मुंबईत निधन झाले. ते ९० वर्षांचे होते. त्या वर्षी देशात विसाव्या शतकातील तीव्र दुष्काळांपैकी एक पडला होता आणि राजस्थान त्यात होरपळून निघाला होता.

न बरसणारे ढग आणि काटेरी पाहुणा

सलीम अली यांच्या हयातीत हवामान बदल हा शब्द सामान्य बोलण्यात आला नव्हता. घनाने मात्र त्याचा अर्थ पुढील काळात अनुभवला. या पाणथळीचे आयुष्य पूर्णपणे पावसाळ्यावर आणि गंभीर नदीच्या पुरावर अवलंबून होते. उद्यान नीट भरण्यासाठी दरवर्षी सुमारे ५५ कोटी घनफूट पाणी लागते, असे मानले जाते. २००२ मध्ये देशातील मोसमी पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्क्यांनी कमी झाला. त्यातच करौली जिल्ह्यात गंभीर नदीवर बांधलेल्या पांचना धरणामुळे खाली येणारे पाणी आटले. धरणाच्या पाण्यावर तेथील शेतकर्‍यांनी हक्क सांगितला. शेत आणि पक्षी यांतून एकाची निवड करण्याचा प्रसंग पुन्हा एकदा आला आणि या वेळी पंतप्रधानांपर्यंत धाव घेण्यासाठी सलीम अली नव्हते. काही हंगाम घना जवळजवळ कोरडे राहिले. ज्या बाभळींवर करकोचे आणि बगळे यांची घरटी लगडत, त्या ओक्याबोक्या उभ्या होत्या.

याच काळात सायबेरियन क्रौंचांचा अध्यायही संपला. १९६० च्या दशकात येथे शंभराहून अधिक क्रौंच उतरत. अफगाणिस्तान आणि पाकिस्तानमार्गे येणार्‍या या पक्ष्यांची वाटेत शिकार होत राहिली, तळी आटत राहिली आणि संख्या घटत गेली. २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली. त्यानंतर हा पांढराशुभ्र पाहुणा भरतपूरला आलेला नाही.

पाणी हटले की जमीन रिकामी राहत नाही. घनात ती जागा विलायती बाभळीने घेतली. मूळ अमेरिका खंडातील हे झाड १८७० च्या दशकात ब्रिटिशांनी भारतात आणले. दिल्लीच्या अरवली कड्यावर, म्हणजेच रिजवर, नव्या राजधानीच्या हिरवाईसाठी त्याची लागवड झाली आणि धौ, पळस, खैर यांसारख्या स्थानिक झाडांना त्याने मागे सारले. दिल्लीकर त्याला विलायती कीकर म्हणतात. महाराष्ट्रातील माळरानांवर ते वेडी बाभूळ म्हणून परिचित आहे. गुरे आणि हरणे त्याच्या गोड शेंगा खातात आणि विष्ठेतून बिया सर्वत्र पसरवतात. मुळे खोलवर जाऊन पाणी शोधतात. बुंध्यापासून तोडले तरी ते पुन्हा फुटते. पाणी भरलेल्या भागात ते टिकाव धरू शकत नाही, पण दोन-तीन वर्षे तळ कोरडा राहिला की तेथे त्याचे रान माजते आणि पुढे चांगला पाऊस झाला तरी पूर्वीची गवताळ जागा परत मिळत नाही. दुष्काळ आणि परकी झाड ही दोन वेगळी संकटे भासतात. प्रत्यक्षात एक दुसर्‍यासाठी दार उघडते.

पाण्यातही असेच घडले. आफ्रिकी मांगूर हा मासा झपाट्याने वाढतो, मिळेल ते खातो आणि पाण्याबाहेरची हवाही श्वासात घेऊ शकतो. भारतात त्याच्या पालनावर बंदी आहे, तरीही चोरीछुपे पालन होते आणि पुणे जिल्ह्यातही प्रशासनाला त्याची बेकायदा तळी नष्ट करावी लागली आहेत. कालव्यांच्या पाण्याबरोबर तो घनात शिरला. उन्हाळ्यात पाणी आटून डबकी उरतात, तेव्हा स्थानिक मासे प्राणवायूअभावी मरतात, मांगूर मात्र तग धरतो. शिल्लक माशांवर आणि पाणपक्ष्यांच्या पिल्लांवरही तो ताव मारतो. उन्हाळे जितके कडक आणि लांब, तितका त्याचा फायदा.

हे केवळ घनाचे दुखणे नाही. जैवविविधता आणि परिसंस्था सेवा यांवरील आंतरशासकीय मंचाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, मानवी व्यवहारांमुळे जगभरात ३७,००० हून अधिक परक्या प्रजाती नव्या प्रदेशांत पोहोचल्या असून त्यांपैकी ३,५०० हून अधिक हानिकारक ठरल्या आहेत. नोंद झालेल्या प्रजाती-विलोपांपैकी ६० टक्के घटनांमध्ये त्यांचा कमी-अधिक वाटा होता. वाढते तापमान हे संकट अधिक गडद करील, असा इशाराही या अहवालात आहे. पुण्याच्या परिसरात १९५० च्या दशकात प्रथम लक्षात आलेले आणि आज देशभर फोफावलेले गाजरगवत, सह्याद्रीतील घाणेरी, नद्या गिळंकृत करणारी जलपर्णी ही मराठी वाचकाच्या रोजच्या पाहण्यातील उदाहरणे आहेत.

शत्रू ओळखण्याआधी मोजमाप

घनाने हार मानलेली नाही. २००७ च्या सुमारास उद्यान प्रशासनाने आसपासच्या गावांना सोबत घेऊन विलायती बाभूळ काढण्याची मोहीम सुरू केली. ग्रामस्थांनी झाड मुळासकट उपटावे आणि लाकूड स्वतःसाठी न्यावे, असा हा व्यवहार होता. १९८२ मध्ये ज्या गावांना कुंपणाबाहेर लोटले गेले, तीच आता उद्यानाच्या बचावासाठी आत आली. मांगूर पकडून काढण्याचे कामही सातत्याने चालते. गोवर्धन नाल्यातून आणि चंबळच्या जलवाहिनीतून पाणी आणण्याची व्यवस्था झाली आहे. त्यामुळे रंगीत करकोच्यांच्या वसाहती पुन्हा गजबजतात आणि सारसांच्या जोड्या दिसतात. तथापि नाल्याने आणि नळाने आलेल्या पाण्याला नदीच्या पुराची सर येत नाही. पुराबरोबर येणारी माशांची पिल्ले, बिया आणि गाळ हेच या पाणथळीचे खरे अन्न होते. शिवाय नव्या वाटेने येणार्‍या पाण्यासोबत नवे परके जीव येण्याची धास्ती कायम आहे.

दिल्लीतही असे प्रयत्न सुरू आहेत. दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक सी. आर. बाबू यांच्या मार्गदर्शनाखाली यमुनाकाठी उभ्या राहिलेल्या जैवविविधता उद्यानात स्थानिक झाडे आणि पाणथळी पुन्हा रुजवण्यात आल्या आहेत. गुरुग्राममध्ये जुन्या खाणींच्या जागी अरवलीची मूळ वनराई उभारण्यात आली आहे. सलीम अली यांची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी राजधानीच्या दक्षिणेकडील असोला भट्टी अभयारण्यात निसर्गशिक्षणाचे केंद्र चालवते. रिजवरील विलायती कीकर एकदम तोडावी की टप्प्याटप्प्याने, हा वाद तेथे अद्याप चालू आहे. ही झाडे एकाएकी तोडली तर शहराचे हिरवे छत्र जाईल आणि तेथे आश्रय घेतलेले पक्षीही बेघर होतील, हा आक्षेप दुर्लक्ष करण्याजोगा नाही. शतकभर मुक्काम केलेल्या परक्या झाडाभोवतीही एक परिसंस्था तयार झालेली असते.

अशा वेळी घनाच्या म्हशींची आठवण ठेवणे हितावह ठरते. कोण घुसखोर आणि कोण मदतनीस, हे वरवर पाहून ठरवले की काय होते, याची जबर किंमत भरतपूरने मोजली आहे. किहीमच्या आडोशाला बसून सुगरणीचे एकेक घरटे मोजणार्‍या सलीम अली यांची मूळ पद्धत हीच होती. आधी पाहावे, दीर्घकाळ नोंदी ठेवाव्यात आणि मगच निष्कर्ष काढावा. चराईबंदीच्या वेळी ही पायरी गाळली गेली, आणि तिचे मोल पटवून दिले ते त्यांनीच आखून दिलेल्या अभ्यासाने.

आज कोइम्बतूरमध्ये त्यांच्या नावाची राष्ट्रीय पक्षीशास्त्र संस्था आहे, गोव्यात चोडण बेटावर खारफुटीतील पक्षी अभयारण्य आहे आणि छत्रपती संभाजीनगरात त्यांच्या नावाचा तलाव आहे. घनात त्यांच्या नावाने भरणारी प्रदर्शने आणि शिबिरे विद्यार्थ्यांना आकर्षित करतात. परंतु या पक्षीतज्ज्ञाचे खरे स्मारक म्हणजे २९ चौरस किलोमीटरची ती पाणथळच होय. साडेतीनशेहून अधिक जातींचे पक्षी जिथे नोंदले गेले, ती जागा यंदा किती भरली, किती दिवस भरलेली राहिली, कोरड्या तळावर किती बाभूळ उगवली आणि जाळ्यात किती मांगूर सापडले, या नोंदी ठेवणे आणि त्यांनुसार निर्णय बदलण्याची तयारी ठेवणे, हे आता पुढच्या पिढीचे काम आहे. नांगरापासून घना वाचवण्यासाठी एका माणसाचा शब्द पुरेसा ठरला होता. तापणार्‍या ऋतूंपासून ते वाचवायचे असेल तर धरणावरचा शेतकरी, कुंपणालगतचे गाव आणि दिल्लीतील धोरणकर्ते यांनी एकाच पाण्याचा हिशेब मांडावा लागेल.